दक्षिणेची माणसं

उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
मी पेट्यांवर पत्ते लिहिते.
स्टेन्सिल, काळा रंग, हाताचा न जाणारा रॉकेलचा वास.
पंपाची बॉडी, दोन इम्पेलर, भुश्शात बसवलेले,
मुनाफ मणेरनं शेवटचा खिळा ठोकला की पेटी माझी.

मागच्या खेपेला मालक म्हणाले, आक्काताई,
ते सफोक गाळा. जिल्हा लागत नाही तिकडं आता टपालाला,
गाव आणि कोड बास.
गाळलं.
पंधरा दिवसांनी थर्कटल साहेबांची मेल:
माल पोचला, ओतकाम उत्तम,
पण मिस आक्काताई, माझा परगणा वाटेत कुठं सांडला?

मग ऑफिसातल्या पोराकडनं मी विचारलं,
साहेब, आहे तरी काय तुमच्या सफोकात?

लांबलचक उत्तर आलं. वयच तसलं असणार.
डोंगर नाही, लिहिलं. सांगायला एक टेकाड नाही.
(मी उगाच दारातनं जोतिबाकडं बघितलं.)
वाळूचे कडे, बोटानं उकरावेत असे,
गोट्यांचा किनारा, पुरुषभर उंच लव्हाळी,
खाऱ्या दलदलीत पाय रोवून उभी गुरं,
आणि गुलाबी घरं,
पूर्वी म्हणे चुन्यात डुकराचं रक्त कालवायचे.
देशातला पहिला सूर्य आमच्यात उगवतो, लिहिलं,
बहुतेकदा ढगाआड.
सरकारनं मध्येच दोन तुकडे केले, पूर्व आणि पश्चिम,
पुढं परत एक केला. आम्हाला कुणी विचारलं नाही.
सफोक म्हणजे दक्षिणेची माणसं.
वरचे लोक हसतात आमच्या बोलण्याला.

मुनाफ म्हणाला, मग काय, आपणच की हे.

खाली डनिचचं होतं.
मोठं बंदर. समुद्रानं खाल्लं,
एका रात्रीत नव्हे, शेकडो वर्षं चवीनं,
आधी गोदी, मग गल्ली, मग एकेक चर्च कड्यावरनं खाली.
गाव पाण्यात, पण त्याचे दोन खासदार
लंडनला जातच राहिले, कितीतरी पिढ्या.
हे मी दोनदा वाचून घेतलं.

माझं जांभूळघोल धरणात गेलं तेव्हा मी तिसरीत.
समुद्र नव्हता. नोटीस होती,
आणि ट्रकमध्ये म्हशी आधी चढवल्या.
शिरोळ तालुक्यात काळ्या रानात वसवलं आम्हाला,
आईचे पाय परत कधी तांबडे झाले नाहीत.
नाचणीचं बी बांधून आणलेलं,
सगळीकडं ऊस, टाकणार कुठं?
नाव तेच दिलं, पुढं एक 'नवे' लावून.
शेजारचे अजून म्हणतात, ती पाण्यातली.
मे महिन्यात धरण उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो.
बापू एकदा जाऊन आला, रुमालात चिखल घेऊन.
ओला होता तोवर काळा,
वाळला आणि तांबडा निघाला.
खासदार राहू दे,
तलाठ्याच्या दप्तरात आमची रेघ नाही.

आणखी एकच विचारलं.
साहेब, आमचे पंप तिकडं करतात काय?
म्हणाले, शेतातनं समुद्र उपसतात.
रोज. तो रोज परत येतो.

आज तिसरी खेप.
साहेबांचं नाव, गल्ली, गाव, कोड,
आणि सगळ्याखाली, वीतभर अक्षरात, सफोक.
पाठवणाऱ्याच्या जागी फौंड्रीचा शिक्का असतो, तो मारला.
शिक्क्याखाली चार बोटं फळी मोकळी राहिली.
ब्रशमध्ये रंग होता.
मु. पो. जांभूळघोल, लिहिलं, मराठीतच.
'नवे' लिहिलं नाही.

मालक मागं उभे. म्हणाले,
आक्काताई, कस्टमवाला विचारंल, हे काय आहे?
मुनाफ हातोडा पुसत बोलला,
सांगा त्याला, बंदर आहे म्हणून.